कन्हानपारचा मुक्काम

नागपुराहून जबलपुराकडे जाणारा जुना रस्ता कामठी मागे टाकतो, कन्हान नदीवरील पूल ओलांडतो आणि कन्हान गावातून उत्तरेची वाट धरतो. पुढे मनसर येते, उजव्या हातास रामटेकची टेकडी दिसू लागते, आणि देवलापारच्या आसपास सातपुड्याच्या पायथ्याचे रान रस्त्याला दोन्ही बाजूंनी भिडते. आज मोटारीतून जाणाऱ्यास हे रान खिडकीतून दिसते आणि मागे पडते. दीडशे वर्षांपूर्वी बैलगाडीने किंवा घोड्यावरून जाणाऱ्यास मात्र कन्हान ते खवासा एवढ्या टप्प्यात तीनचार मुक्काम करावे लागत, आणि दिवस कलू लागला की प्रत्येकास एकच प्रश्न पडे: तंबूची मेख ठोकावयाची कोठे?

राजवाड्यांचा आणि लढायांचा इतिहास पुष्कळ लिहिला जातो, मुक्कामांचा क्वचितच. वस्तुतः माणसाने रानात एक रात्र सुखरूप कशी काढली, ह्या साध्या गोष्टीत त्याचे निसर्गाविषयीचे ज्ञान आणि त्याच्या हातातील साधने ह्या दोहोंचाही कस लागतो. कन्हानच्या उत्तरेचा हा प्रदेश ह्या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. कारण गोण्यांचा कोट रचणाऱ्या तांड्यांपासून ते कृत्रिम उपग्रहांकडून वणव्याची वर्दी घेणाऱ्या वनरक्षकांपर्यंत सर्वांनी येथे मुक्काम केला आहे.

प्रथम नदीच पाहावी. कन्हान सातपुड्यात, छिंदवाड्याच्या मुलखात उगम पावते. कामठीच्या किंचित वरच्या अंगास पेंच आणि कोलार ह्या नद्या तिला मिळतात, आणि पुढे अंभोऱ्यापाशी ती वैनगंगेस जाऊन मिळते. १८१७ च्या सीताबर्डीच्या लढाईनंतर नागपूरच्या भोसल्यांच्या राजधानीजवळ कायमची फौज ठेवण्याचे इंग्रजांनी ठरविले, आणि १८२१ साली ह्या संगमाच्या खालच्या बाजूस, आजच्या कन्हान गावासमोरच्या काठावर, कामठीची छावणी वसविली. बारमाही पाणी, निचऱ्याची जमीन आणि चहूकडे नजर पोहोचेल असा मोकळा माळ, ह्या तिन्ही गोष्टी तेथे एकत्र होत्या. तोफा आणि पलटणी जवळ असूनही जागा निवडताना त्यांना नदीचाच कौल घ्यावा लागला. परंतु छावणीस ठराविक अंतरावर पहारेकरी उभे करता येतात. नदी ओलांडून उत्तरेस निघालेल्या वाटसरूजवळ तेवढी माणसे कोठली?

पहाऱ्याची ही उणीव भरून काढण्याची जुनी रीत बंजाऱ्यांच्या तांड्यांत दिसते. मीठ आणि धान्य बैलांच्या पाठीवर लादून हे तांडे मध्य हिंदुस्थानातील घाटांतून आणि रानांतून वर्षानुवर्षे हिंडत. संध्याकाळी लादणी उतरली की गोण्या एकावर एक रचून त्यांचा आडोसा केला जाई. त्याच्या लगत बैल बांधले जात, बाहेरच्या बाजूस शेकोट्या पेटत, आणि सर्वांच्या पलीकडे कुत्री मोकळी सोडलेली असत. दिवसा जे ओझे, तोच रात्री तट! शेकोटी माणसाने पेटविलेली, तर कुत्र्याचे नाक आणि कान निसर्गाने दिलेले. ह्यांपैकी एकावरच भिस्त ठेवून तांड्याचा नाईक झोपी जात नसे. ह्या साध्या मांडणीत मुक्कामाच्या शास्त्राचे मुख्य सूत्र आलेले आहे.

ह्या शास्त्राचा पहिला धडा मात्र वाघाचा नसून पाण्याचा आहे. सातपुड्याच्या माथ्यावर पडलेला पाऊस खालच्या नाल्यात काही वेळाने उतरतो. त्यामुळे डोक्यावर स्वच्छ आकाश असतानाही नाला एकाएकी फुगू शकतो. कोरड्या पात्रातील मऊ वाळू थकलेल्या माणसास मोह घालते. परंतु जाणकार माणूस वाळूकडे न पाहता काठच्या झुडपांकडे पाहतो. फांद्यांत अडकलेला पालापाचोळा, खोडांवर वाळलेला गाळाचा पट्टा आणि एकाच दिशेस वाकलेले गवत ह्या खुणा मागील पुराची उंची सांगतात. मेख त्या खुणेच्या वर ठोकावयाची, हा नियम कोणत्याही पुस्तकाआधीचा आहे.

ह्या नियमाचे मोल नागपूरकरांना एका दुःखद प्रसंगाने कळले. स्टीफन हिस्लॉप हे स्कॉटलंडचे मिशनरी नागपुरात शिक्षणाचे काम करीत, आणि त्यांचेच नाव पुढे हिस्लॉप कॉलेजास मिळाले. ते केवळ धर्मोपदेशक नव्हते. ह्या भागातील खडक, जीवाश्म आणि गोंड लोकांच्या चालीरीती ह्यांचा त्यांच्याइतका साक्षेपी अभ्यासक त्या काळी विरळा. १८६३ च्या सप्टेंबरात मध्यप्रांताचे चीफ कमिशनर रिचर्ड टेंपल ह्यांच्याबरोबर ते नागपूरच्या दक्षिणेस टाकळघाटची प्राचीन शिलावर्तुळे पाहावयास गेले. काम आटोपून ४ सप्टेंबरच्या संध्याकाळी ते एकटेच घोड्यावरून मुक्कामाकडे परतत असता वाटेतील ओढा पाण्याने फुगलेला होता. त्यातच त्यांचा अंत झाला. जमिनीच्या पोटातील लक्षावधी वर्षांचा इतिहास वाचू शकणारा मनुष्य त्या संध्याकाळच्या अंधारात ओढ्याचे पाणी वाचू शकला नाही! विद्वत्तेचा हा दोष नव्हे. वरच्या अंगास पडलेल्या पावसाची बातमी खाली आणून पोहोचविणारे साधन त्या काळी नव्हते, आणि अंधाराने काठावरच्या खुणाही झाकून टाकल्या होत्या. आज पर्जन्यमापके आहेत, धरणातून पाणी सोडताना पुढच्या गावांना सावध करण्याची सोय आहे. तरीही झुडपात अडकलेला पाला वाचण्याची विद्या निरुपयोगी झालेली नाही. कारण लहान नाल्यावर पर्जन्यमापक बसविलेले नसते.

दुसरा धडा तापाचा. रानात मुक्काम करणाऱ्यांचा वाघाने जेवढा घात केला त्याहून कितीतरी अधिक हिवतापाने केला. हिंदुस्थानच्या त्रिकोणमितीय मोजणीच्या कामात पृथ्वीवरील कोन विकलांपर्यंत मोजणारी यंत्रे होती. परंतु १८१९ साली कृष्णा आणि गोदावरी ह्यांच्या मधल्या रानात जॉर्ज एव्हरेस्ट ह्यांची तुकडी तापाने लोळागोळा झाली, आणि खुद्द एव्हरेस्ट ह्यांना हवापालटासाठी दक्षिण आफ्रिकेत केपला जावे लागले. पाणथळ जागी उतरू नये, तिन्हीसांजेस तंबूची कनात बंद करावी, उंचवट्यावर झोपावे, असे अनुभवी लोक सांगत. त्याचे कारण मात्र ते दूषित हवा हे देत. २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबादेस रोनाल्ड रॉस ह्यांना सूक्ष्मदर्शकाखाली डासाच्या जठरात हिवतापाचे जंतू दिसले, तेव्हा खरे कारण उघडकीस आले. जुना नियम बरोबर ठरला, जुनी उपपत्ती चुकीची ठरली. येथे यंत्राने निसर्गाच्या खुणेस खोटे पाडले नाही. तिचा अर्थ लावून दिला. आणि अर्थ कळल्यामुळेच उंचवट्यावर मुक्काम करूनही मच्छरदाणी लावली पाहिजे, हे कळून आले.

तिसरा धडा कानाचा. कन्हानहून निघालेला रस्ता ज्या सिवनीच्या रानात शिरतो, त्याचे वर्णन रॉबर्ट आर्मिटेज स्टर्नडेल ह्यांनी १८७७ साली एका ग्रंथात केले. सातपुड्यातील मुक्कामाचे जीवन हाच त्या ग्रंथाचा विषय आहे. हेच स्टर्नडेल पुढे मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकाचे आरंभीचे संपादक झाले. आणि किपलिंगच्या १८९४ च्या ‘जंगल बुक’ने हेच रान जगभर पोहोचविले. त्यांच्याआधी, १८७१ साली, कॅप्टन जेम्स फॉर्सिथ ह्यांचा मध्य हिंदुस्थानच्या डोंगराळ मुलखावरील ग्रंथ प्रसिद्ध झाला होता. १८६२ साली पचमढीच्या पठारावर पोहोचून तेथे बायसन लॉज नावाचे घर बांधणारे फॉर्सिथ बंदुकीच्या शास्त्रातही तज्ज्ञ होते. रायफल आणि तिची गोळी ह्यांवर त्यांनी वेगळे पुस्तकच लिहिले. पण त्यांच्या ग्रंथात पानोपानी भेटतात ते गोंड आणि कोरकू वाटाडे. नेम धरणे बंदूकवाल्यास ठाऊक होते. कोठे आणि केव्हा, हे वाटाड्यास ठाऊक होते.

ह्या वाटाड्यांच्या ज्ञानाचे मर्म असे, की रानास स्वतःचे पहारेकरी असतात. दिवसा वानर झाडाच्या शेंड्यावरून सर्वांच्या आधी वाघास पाहते, आणि खोकल्यासारखा कर्कश आवाज करून इशारा देते. खाली चरणारे चितळ तो आवाज ओळखते, कान टवकारून एका दिशेस पाहते, पाय आपटते आणि तीव्र, टोकदार स्वरात ओरडते. कान्ह्याच्या रानातील अभ्यासातही वानर आणि चितळ ह्यांचे साहचर्य टिपलेले आहे. वानराने खाली टाकलेला पाला चितळास मिळतो, आणि एकाच्या डोळ्यांना दुसऱ्याच्या नाकाची जोड मिळते. रात्री वानरे झोपलेली असतात. तेव्हा भार सांबरावर आणि टिटवीवर पडतो. टिटवी जमिनीवर काहीही हलले की ओरडते. ते कोल्हे असेल, माणूस असेल किंवा वाघही असेल. म्हणून तिचे ओरडणे म्हणजे केवळ ‘जागे व्हा’ एवढेच. चितळ पुष्कळदा निमित्तमात्रानेही बावरते. सांबर मात्र सहसा खात्री झाल्यावाचून तोंड उघडत नाही. त्याचा घुमणारा ठणठणीत आवाज पुन्हा पुन्हा येऊ लागला तर जाणकार माणूस शेकोटीत आणखी एक ओंडका सरकवितो. जुन्या शिकाऱ्यांच्या लेखनात ‘कोल्हे-भालू’ ह्या नावाने येणारी एकट्या कोल्ह्याची विलक्षण ओरडही अशाच खुणांपैकी एक.

तथापि खरी कसोटी आवाज ऐकण्यात नसते, ती आवाजांचा क्रम ओळखण्यात असते. प्रथम नाल्याकडून इशारा आला, नंतर पाणवठ्याकडून, त्यानंतर मुक्कामाच्या मागच्या बाजूने. म्हणजे जनावर चालत आहे, आणि कोणत्या वाटेने चालत आहे हेही कळले. इशारे एकाएकी थांबले, तर त्याचे अर्थ दोन: जनावर दूर गेले, किंवा ते बसले. अननुभवी मनुष्य शांततेस सुरक्षितता समजतो. अनुभवी मनुष्यास शेवटचा आवाज कोठून आला होता, ते आठवत असते.

आता साधनांकडे वळावे. शेकोटी हे पहिले साधन. तद्नंतर घासलेटचा कंदील, मग पेट्रोमॅक्स, मग विजेरी. ह्या प्रत्येकाने मुक्कामाभोवतीचे प्रकाशाचे वर्तुळ वाढविले, आणि प्रत्येकाबरोबर एक उणीवही आली. दिव्याजवळ बसलेल्या माणसाचे डोळे उजेडास सरावतात, आणि वर्तुळाबाहेरचा अंधार त्यास अधिकच गडद होतो. शिवाय शेकोटी ही स्वतःच एक संकट होऊ शकते. फेब्रुवारीपासून सागाची पाने गळून जमिनीवर कोरडी चादर पसरते, आणि वाऱ्याच्या एका झुळकेने ठिणगी वणव्यात पालटते. म्हणून शहाणा मनुष्य आधी पाला झाडून जमीन मोकळी करतो आणि मग काडी ओढतो. आजचे वनखाते उन्हाळ्यापूर्वी ज्या जाळरेषा काढते, त्या ह्याच बुद्धीचे मोठे रूप होत.

बंदूक हे दुसरे साधन. ब्रिटिश अमदानीत ती मुक्कामाचे मुख्य संरक्षण मानली जाई, आणि वाघ मारणाऱ्यास सरकारातून बक्षीसही मिळे. मुक्काम सुरक्षित करणे म्हणजे भोवतालचे रान निःशस्त्र करणे, अशी ती समजूत होती. तिची किंमत पुढील पिढ्यांनी मोजली. १९७२ साली वन्यजीव संरक्षणाचा कायदा झाला, १९७३ साली व्याघ्रप्रकल्प सुरू झाला. कन्हानला मिळणाऱ्या पेंच नदीच्या काठचे महाराष्ट्रातील रान १९७५ साली राष्ट्रीय उद्यान ठरले आणि १९९९ साली त्याचा व्याघ्रप्रकल्पांत समावेश झाला. येथे मुक्कामाचा अर्थच उलटा झाला. पूर्वी रानापासून माणसाचे रक्षण करण्यासाठी पहारा असे; आता त्याच रानाचे रक्षण करण्यासाठी माणूस रानात मुक्काम करतो, आणि ते करीत असता त्यास स्वतःचा जीवही सांभाळावयाचा असतो. जनावरास इजा न करता स्वतः सुरक्षित राहावयाचे, ही अट जुन्या शिकाऱ्याच्या अटीपेक्षा पुष्कळ कठीण आहे.

रानाच्या आतील संरक्षण कुटींत राहणारे वनरक्षक आणि वनमजूर ही अट रोज पाळतात. त्यांच्या हाती आज बिनतारी संदेशयंत्र आहे, सौर ऊर्जेवरचा दिवा आहे, आणि गस्तीची वाट नोंदवून ठेवणारी ‘एम-स्ट्राइप्स’ नावाची प्रणाली आहे. ती २०१० पासून देशातील व्याघ्रप्रकल्पांत येऊ लागली. झाडांना बांधलेले कॅमेरा-ट्रॅप समोरून जाणाऱ्या जनावराची छबी आपोआप टिपतात. फॉरेस्ट सर्व्हे ऑफ इंडिया ही संस्था उपग्रहांनी हेरलेल्या आगींची वर्दी वनखात्यास पाठविते. साधनांची ही समृद्धी पाहून फॉर्सिथही थक्क झाले असते.

परंतु यंत्र कोठे अडते हेही जाणले पाहिजे. कॅमेरा-ट्रॅपचा संवेदक जनावराच्या अंगाची उष्णता आणि भोवतालची उष्णता ह्यांतील फरक ओळखून काम करतो. नागपूरकडचा मे महिना ज्यांनी पाहिला आहे त्यांना सांगावयास नकोच, की दुपारी पारा पंचेचाळीसच्या घरात गेला म्हणजे तापलेली जमीन वाघाच्या अंगाहूनही गरम होते. फरक पुसट झाला की यंत्राची नजरही पुसट होते. बिनतारी संदेश डोंगराच्या आडोशास क्षीण होतो. उपग्रह आग पेटल्यानंतर सांगतो. ती पेटेल अशी हवा आज आहे की नाही, हे पायाखाली चुरचुरणारे पानच सांगते. आणि कॅमेरा जनावर कोठे होते हे सांगतो. ते आता कोठे आहे, हे अद्यापि सांबरच सांगते.

ही गोष्ट जिवावर बेतणारी आहे. २० नोव्हेंबर २०२१ रोजी चंद्रपूर जिल्ह्यातील ताडोबाच्या रानात, व्याघ्रगणनेसाठी पायी चालून खुणांची नोंद करीत असता, एका महिला वनरक्षकाचा वाघिणीच्या हल्ल्यात मृत्यू झाला. तुकडीस वाघीण आधीच वाटेवर बसलेली दिसली होती. त्यांनी काही वेळ थांबून वाट पाहिली, आणि नंतर दाट झाडीतून वळसा घेऊन पुढे जाण्याचा प्रयत्न केला. ह्या घटनेनंतर पायी सर्वेक्षण काही काळ थांबविण्यात आले. येथे दोष कोणास लावावयाचा नाही. खुणा वाचल्या, धीर धरला, तरीही घात झाला, इतके हे काम बिकट आहे. ज्या आकड्यांचा वृत्तपत्रांतून गौरव होतो, ते आकडे अशा पावलांनी चालून आणलेले असतात. कुटीतल्या माणसास यंत्र द्यावयाचे ते त्याचे कान काढून घेण्यासाठी नव्हे; त्याच्या कानांनी दिलेली वर्दी चार कोसांवरच्या दुसऱ्या माणसास वेळीच कळावी म्हणून.

ह्या सर्व इतिहासात एक शेवटचा पालट विशेष बोधप्रद आहे. २०२४ च्या जानेवारीत महाराष्ट्रातील पेंच व्याघ्रप्रकल्पास भारतातील पहिले ‘डार्क स्काय पार्क’, म्हणजे काळोखे आकाश जपणारे उद्यान, अशी मान्यता मिळाली. त्यासाठी रानालगतच्या गावांतील दिवे बदलण्यात आले. त्यांचा प्रकाश आकाशात न पसरता खाली जमिनीवर पडावा अशी योजना झाली. शेकोटीपासून पेट्रोमॅक्सपर्यंत माणूस उजेड वाढवीत आला. आता प्रथमच त्याने विचारपूर्वक तो आवरता घेतला. उजेड पायापुरता असावा आणि त्यापलीकडे अंधारास राहू द्यावे, ह्या व्यवस्थेने चांदणे परत मिळाले. डोळे दिपले नाहीत म्हणजे अंधारही वाचता येतो, हा तिचा मुक्कामापुरता लाभ.

एवंच, कन्हानपारच्या मुक्कामाने शतकानुशतके शिकविलेला धडा असा: आधी पाण्याची खूण पाहावी, मग पाला झाडावा, मग दिवा लावावा, आणि दिवा लावल्यावर थोडा वेळ काहीही न बोलता ऐकावे. रानाचे पहारेकरी आपले काम कोणी न सांगता करीतच असतात. माणसाच्या यंत्राचे काम त्यांची जागा घेण्याचे नसून, त्यांचा निरोप पुढे पोहोचविण्याचे आहे.